सनी रॉलिन्सचं थांबणं

नमस्कार मंडळी.

सनी रॉलिन्स या टेनर सॅक्सोफोनवादकानं ऐन नावाच्या काळात, हातात कार्यक्रम असताना आणि कंपन्या रेकॉर्ड काढायला तयार असताना, दोनदा जाहीर वाजवणं बंद केलं. पहिल्यांदा १९५९ ते १९६१, दुसऱ्यांदा १९६९ ते १९७१. कुणी त्याला काढून टाकलं नव्हतं, लोकांनी पाठ फिरवली नव्हती. वाजवतोय ते आपल्या मनासारखं उतरत नाही, हे मुख्य कारण. जॅझच्या इतिहासाची पुस्तकं या दोन काळांचा कौतुकानं उल्लेख करतात आणि लगेच पुढच्या रेकॉर्डकडे वळतात. मी आज तिथे जरा जास्त वेळ रेंगाळणार आहे. माझं म्हणणं असं आहे की जो माणूस रोज रात्री त्या घडीला सुचेल ते वाजवून पोट भरतो, त्याच्यासाठी थांबणं हा वाजवण्याचाच भाग असतो. रॉलिन्सनं ते जितकं उघड करून दाखवलं तितकं दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

मी त्याचा उल्लेख एकेरीत करणार आहे. आपण कुमारांना 'कुमार' म्हणतो तितक्याच आदरानं.

जॅझ फारसं न ऐकलेली मंडळीही आज इथे आहेत, म्हणून आधी थोडं त्याविषयी. जॅझमध्ये साधारणपणे एक गाणं घेतात. बारा, सोळा किंवा बत्तीस बारचं. बार म्हणजे बहुतेक वेळा चार मात्रांचा एक गट. गाण्याला चाल असते आणि चालीखाली कॉर्ड्सची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या गटांची, एक ठरलेली मांडणी असते. सुरुवातीला सगळे मिळून चाल वाजवतात. मग चाल बाजूला राहते, पण कॉर्ड्सची मांडणी तशीच पुन्हा पुन्हा फिरत राहते, आणि त्या फेऱ्यांवर एकेक वादक त्याला सुचलेलं वाजवतो. एका फेरीला कोरस म्हणतात. आवर्तनाची सवय असलेल्या आपल्या कानाला इथवर काही अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं. रागात स्वर ठरलेले असतात, गवई तासभर त्याच स्वरांत राहू शकतो. इथे कॉर्ड बदलली की चालणारे स्वर बदलतात, आणि कॉर्ड दर दोन-चार मात्रांनी बदलते. चाळीसच्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप ही नवी शैली आणली, तेव्हा हे सगळं इतक्या जलद लयीत गेलं की वाजवता वाजवता विचार करायला सवडच उरली नाही.

मग वादक काय करतो? घरी तुकडे बसवून ठेवतो. या कॉर्डवरून त्या कॉर्डवर सुखरूप नेणारे तयार तुकडे. वादक त्यांना 'लिक्स' म्हणतात. लिक्स सगळ्यांकडे असतात, खुद्द पार्करकडेही होते. त्यात लबाडी नाही. पण क्लबात रात्रीमागून रात्री, एकेका रात्री दोन-तीन बैठका वाजवायला लागल्यावर बोटं आपोआप त्या तुकड्यांकडे वळतात. ऐकणाऱ्याला कळत नाही, टाळ्या पडतात. वाजवणाऱ्याला कळतं. रॉलिन्सला ते फार लवकर कळायचं आणि फार लागायचं.

त्याचा जन्म ७ सप्टेंबर १९३०चा, न्यू यॉर्कमधल्या हार्लेम वस्तीतला. आईवडील कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवरचे, त्यामुळे घरात कॅलिप्सो हे तिकडचं ठेकेदार लोकसंगीत आणि बाहेर जॅझ. आजी चळवळीतली, ती नातवाला मोर्च्यांना घेऊन जायची. लहानपणी अल्टो सॅक्सोफोन हातात आला, सोळाव्या वर्षाच्या सुमाराला तो त्याहून खालच्या सुराच्या टेनरकडे वळला, आणि त्याला कारण कोलमन हॉकिन्स. जॅझमध्ये टेनरला मानाचं स्थान हॉकिन्सनं मिळवून दिलं, आणि हा हॉकिन्स त्याच वस्तीत राहायचा. फोटोवर सही घ्यायला रॉलिन्स त्याच्या दाराशी ताटकळत उभा राहिला होता. बरोबरीची पोरं म्हणजे जॅकी मॅक्लीन, केनी ड्र्यू, आर्ट टेलर. पुढे सगळेच नावाजले. १९४९ साली, अठराव्या वर्षी, रॉलिन्सचं वाजवणं रेकॉर्डवर आलं.

आणि मग हेरॉइन. त्या पिढीतल्या कितीतरी वादकांची हीच गोष्ट आहे. पार्कर घ्यायचा, म्हणून घेतलं की पार्करसारखं वाजवता येईल असं पोरांना वाटायचं. १९५० साली सशस्त्र दरोड्याच्या आरोपावरून रॉलिन्सला अटक झाली, रायकर्स आयलंडच्या तुरुंगात त्यानं दहा महिने काढले. सुटला, पुन्हा आत गेला. जानेवारी १९५३ मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या एका रेकॉर्डिंगला पार्कर आणि रॉलिन्स दोघंही टेनर वाजवायला होते. पार्करनं त्याला विचारलं, सुटलास ना यातून? रॉलिन्स हो म्हणाला. ते खोटं होतं, आणि पार्करला ते तिथेच कळलं. आपल्यामुळे पार्कर किती दुखावला, हे रॉलिन्सनं पुढे आयुष्यभर मुलाखतींतून सांगितलं. १९५५ साली तो स्वतःहून केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात व्यसन सोडायला दाखल झाला. बरं होऊन पार्करसमोर उभं राहायचं मनात होतं. तो तिथे असतानाच, मार्चमध्ये, पार्कर गेला. चौतीस वर्षांचा होता.

बाहेर आल्यावर रॉलिन्स शिकागोला राहिला. झाडलोटीचं काम केलं, मजुरी केली, वायएमसीएच्या खोलीत मुक्काम. क्लबांपासून तो लांब राहिला, कारण तिथे जुनी माणसं होती आणि जुना मालही. खोलीत रियाज चालू होता. माझ्या मते हे त्याचं पहिलं थांबणं, पुस्तकं ते मोजत नाहीत इतकंच. वर्षअखेरीला क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांचा बँड शिकागोला आला, त्यांना टेनरवादक हवा होता, आणि रॉलिन्स त्यांच्यात सामील झाला. ट्रंपेटवादक ब्राउन त्याच्याच वयाचा, नशापाण्यापासून पूर्ण लांब आणि तरीही अफाट वाजवणारा. चांगलं वाजवायला चांगलं जगणं आड येत नाही, हे रॉलिन्सला ब्राउनकडे बघून पटलं. पुढच्याच जूनमध्ये, २६ जून १९५६ला, पेनसिल्व्हेनियात मोटार अपघातात ब्राउन गेला. पंचवीस वर्षांचा होता.

त्या अपघाताच्या चारच दिवस आधी, २२ जूनला, रॉलिन्सनं 'सॅक्सोफोन कोलोसस' ही रेकॉर्ड केली. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच. रुडी व्हॅन गेल्डर हा ध्वनिमुद्रक तेव्हा न्यू जर्सीतल्या आईवडिलांच्या घरी, दिवाणखान्यात, रेकॉर्डिंग करायचा. तिथे हे सगळं झालं.

आता आपण ऐकलं ते त्यातलं 'सेंट थॉमस'. आईच्या तोंडून लहानपणी ऐकलेली बेटांवरची चाल. सुरुवातीला मॅक्स रोच एकटाच कॅलिप्सोचा ठेका धरतो, मग चाल येते. मी मुद्दाम दुसऱ्यांदा लावलं तो भाग चाल संपल्यानंतरचा, जिथे रॉलिन्सचं स्वतःचं वाजवणं सुरू होतं. काय वाजवतो तो? दोन स्वर. फक्त दोन. वरचा आणि खालचा. थांबतो. पुन्हा तेच दोन, पण मात्रेच्या जरा अलीकडे. पुन्हा तेच, आता एक स्वर बदललेला, कारण खालची कॉर्ड बदलली आहे. बोटांत इतकी तयारी असलेला माणूस इतका वेळ दोन स्वरांवर टिकून राहतो. हळूहळू त्या दोनाचे चार होतात, मधल्या जागा भरतात, आणि मग तो सुटतो. पण सुटल्यावरही ते दोन स्वर अधूनमधून डोकावतात. पुढे रोचचा सोलो आहे, आणि त्यातून बाहेर येताना कॅलिप्सोचा ठेका जाऊन जॅझचा चार मात्रांचा सरळ झोका येतो. गाणं तेच, अंग वेगळं. सगळं मिळून सात मिनिटंही नाहीत.

ही तयार लिक्सच्या नेमकी उलटी रीत आहे. लिक्स वाजवणारा दर कॉर्डला एक नवा तुकडा देतो, आणि एका तुकड्याचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही. रॉलिन्स एक बीज घेतो आणि त्याच्याशी इमान राखतो. त्यासाठी आपण दहा सेकंदांपूर्वी काय वाजवलं ते ध्यानात असावं लागतं, आणि तेही लय न सोडता. बढत करणाऱ्या गवयाला हे वेगळं सांगायला नको.

त्याच रेकॉर्डमधल्या 'ब्लू सेव्हन'वर गुंथर शुलर या संगीतकार-समीक्षकानं १९५८ साली एक दीर्घ लेख लिहिला. रॉलिन्स सुरुवातीला टाकलेल्या दोन-तीन स्वरांच्या खुणांवर सबंध अकरा मिनिटांची इमारत कशी उभी करतो, आणि रोचचा सोलोसुद्धा तसाच मोजक्या खुणांवर कसा उभा आहे, हे त्यानं सुरावटी लिहून दाखवलं. पाश्चात्त्य अभिजात संगीताला लावतात ती बारीक फूटपट्टी एका जॅझ सोलोला इतक्या गांभीर्यानं लावली गेली, ही मोठी गोष्ट होती. शुलरचा लेख आजही वाचण्यासारखा आहे. पण ज्याच्यावर तो लिहिला त्याला तो बाधला. आपण असं काही करतो हे रॉलिन्सला माहीत नव्हतं. ते वाचल्यावर वाजवताना स्वतःकडेच लक्ष जायला लागलं, म्हणून त्यानं आपल्यावरची परीक्षणं वाचायचं सोडलं. टीकेनं कलावंत मोडतो हे आपण नेहमी ऐकतो. नेमकी आणि खरी स्तुतीही किती धोक्याची असते याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

त्या तीन वर्षांत त्यानं जे काम केलं त्याला तोड नाही. मे १९५६ मध्ये 'टेनर मॅडनेस', ज्यात जॉन कोल्ट्रेन हा दुसरा मोठा टेनरवादक आणि रॉलिन्स एकत्र वाजवतात. दोघांचं एकत्र असं हे एकच रेकॉर्डिंग. मार्च १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला 'वे आउट वेस्ट'. सगळे वादक दुसरीकडे कामात अडकलेले, म्हणून रेकॉर्डिंग पहाटे तीनला सुरू केलं. तिथे त्यानं पियानोच काढून टाकला. पियानो कॉर्ड स्पष्ट वाजवतो, म्हणजे कुठले स्वर चालतील हे जवळजवळ सांगूनच टाकतो. पियानो गेला की सॅक्सोफोनला मोकळं रान मिळतं, पण झाकायलाही कुणी उरत नाही. चूक झाली तर ती उघडी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात, बास आणि ड्रम्स एवढ्याच साथीवर, श्रोत्यांसमोर केलेली रेकॉर्ड आहे. ड्रम्सवर बहुतेक ठिकाणी एल्विन जोन्स. मला रॉलिन्सची एकच रेकॉर्ड ठेवायला सांगितली तर मी ही ठेवीन.

आणि १९५८चं 'फ्रीडम सूट'. जवळजवळ एकोणीस मिनिटांची एकसंध रचना, बासवर ऑस्कर पेटिफोर्ड, ड्रम्सवर पुन्हा रोच. मासिकांत फोटो छापून येणाऱ्या या माणसाला त्या दिवसांत न्यू यॉर्कमध्ये भाड्यानं घर मिळत नव्हतं, कारण तो काळा होता. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यानं चार ओळी लिहिल्या. अमेरिकेची बोली, तिचा विनोद, तिचं संगीत हे सगळं काळ्या माणसाच्या संस्कृतीत रुजलेलं आहे, आणि त्याच माणसाला इथे छळ सोसावा लागतो, असा त्यांचा आशय. तेव्हा जॅझच्या रेकॉर्डवर असं कुणी लिहीत नव्हतं. कंपनीनं पुढे तीच रेकॉर्ड दुसऱ्या, निरुपद्रवी नावानं बाजारात आणली. आजीबरोबर मोर्च्यांत चाललेला मुलगा इथे दिसतो. आपल्याकडे रॉलिन्सवर बोलताना पुलाची गोष्ट सगळे सांगतात आणि ही राहून जाते, त्याचं मला वाईट वाटतं.

पण पुलाची गोष्ट सांगायला हवीच.

१९५९च्या उन्हाळ्यात रॉलिन्सनं काम घेणं बंद केलं. ते वर्ष कसलं होतं ते बघा. माइल्सची 'काइंड ऑफ ब्लू' त्या वर्षीची. कोल्ट्रेननं 'जायंट स्टेप्स' त्याच वर्षी रेकॉर्ड केली. नोव्हेंबरमध्ये अल्टो सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यू यॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात आला आणि कॉर्ड्सची मांडणीच टाकून वाजवायला लागला, सगळं जॅझजगत दोन तटांत विभागलं. अशा वर्षी, तोवर टेनरमध्ये पहिलं नाव ज्याचं घेतलं जात होतं, तो माणूस बाजूला झाला. त्याचं म्हणणं असं होतं की माझं नाव माझ्या वाजवण्याच्या पुढे निघून गेलं आहे, लोक नाव ऐकून येतात आणि मी त्यांना ते देत नाही.

तो तेव्हा मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला ग्रँड स्ट्रीटवर राहत होता. टेनर सॅक्सोफोन हे मोठ्या आवाजाचं वाद्य, आणि शेजारी एक गरोदर बाई होती. तिला त्रास नको म्हणून तो कपाटात शिरून वाजवून बघायचा. एक दिवस फिरता फिरता त्याला विल्यम्सबर्ग पुलाचा जिना दिसला. हा पूल ईस्ट रिव्हरवरून ब्रुकलिनला जातो, १९०३चा, पोलादी. वर पायी चालायचा रस्ता आहे, खालून मोटारी जातात, मधून रेल्वे. त्या काळी पायी जाणारं जवळजवळ कुणी नसायचं. रॉलिन्स तिथे सॅक्सोफोन घेऊन जायला लागला. उन्हाळा असो, बर्फ असो, दिवसा, रात्री, कधी कधी चौदा-पंधरा तास. स्टीव्ह लेसीसारखा एखादा वादक मित्र अधूनमधून सोबत यायचा.

तिथल्या आवाजाचा विचार करा. गाडी धडधडत गेली की पूल थरथरतो. खालून बोटी भोंगे देतात. वर वारा. बंद खोलीत आपला सूर भिंतीवरून परत येतो आणि आहे त्यापेक्षा गोल वाटतो. पुलावर काहीच परत येत नाही. फुंकर जितकी, तितकाच सूर. त्यामुळे श्वास पोटातून घ्यावा लागतो, सूर लांबवर फेकावा लागतो. रॉलिन्स बोटींच्या भोंग्यांना उत्तर देत वाजवायचा. १९६१ नंतरच्या रेकॉर्ड ऐका, त्याच्या सुराचा घेर वाढलेला ऐकू येतो, खर्जाकडे विशेष. या दोन वर्षांत त्यानं सिगारेट सोडली, व्यायाम केला, पियानोवर बसून हार्मनीचा अभ्यास केला.

१९६१च्या उन्हाळ्यात एका मासिकात पुलावरच्या वादकाबद्दल छापून आलं आणि नोव्हेंबरमध्ये तो परतला. पुढच्या वर्षी आरसीए व्हिक्टर या कंपनीनं 'द ब्रिज' ही रेकॉर्ड काढली, सोबत गिटारवर जिम हॉल. आणि बऱ्याच समीक्षकांची निराशा झाली. दोन वर्षं पुलावर घालवून माणूस काहीतरी क्रांतिकारी घेऊन येईल अशी त्यांची अपेक्षा, आणि हा तर जुनीच गाणी वाजवतोय! मला ही निराशा चुकीच्या जागची वाटते. नवीन शैली शोधायला तो गेलाच नव्हता. जे वाजवत होता तेच त्याला खरेपणानं वाजवायचं होतं. जिम हॉलची गिटार आणि रॉलिन्सचा सूर एकमेकांना जी वाट देतात, ती ऐका. पूर्वीचा रॉलिन्स इतका ऐकत नसे. आणि नव्याचं म्हणाल तर त्याच वर्षी तो ऑर्नेट कोलमनच्या चमूतल्या डॉन चेरीला घेऊन वाजवत होता, आणि १९६३ साली ज्याच्या दाराशी सहीसाठी उभा राहिला त्या हॉकिन्सबरोबर त्यानं रेकॉर्ड केली. एका वर्षाच्या अंतरात सगळ्यात नवं आणि सगळ्यात जुनं, दोन्हीकडे तो गेला.

दुसरं थांबणं आपल्या जवळचं आहे. साठच्या दशकाच्या अखेरीला तो पुन्हा कंटाळला. रॉकची लाट आली होती, क्लब बंद पडत होते, धंद्यातल्या लोकांचा त्याला वीट आला होता. योगावर तो आधीपासून वाचत होताच. त्या काळात तो भारतात आला आणि मुंबईत पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या सांदीपनी साधनालयात काही महिने राहिला. पवई तेव्हा शहराबाहेरच होती. तळं, टेकड्या, नव्यानं झालेली आयआयटी. तिथे तो वेदान्ताच्या पाठांना बसायचा. ध्यानाला बसलं की मन ठरत नाही, ही त्याची अडचण. ती त्यानं स्वामीजींपुढे मांडली, तेव्हा त्यांनी सांगितलं की तू सॅक्सोफोन वाजवतोस तेच तुझं ध्यान आहे. रॉलिन्सनं हे पुढे पुष्कळ मुलाखतींत सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी सुटका झाल्यासारखं सांगितलं आहे. तो पवईहून राग शिकून गेला नाही, त्याच्या वाजवण्यात सतार-तबला आला नाही. तसं जोडू पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. इथून त्यानं नेलं ते वाजवण्याकडे बघायचं धोरण. कर्म करायचं आणि त्यात स्वतःला आड येऊ द्यायचं नाही.

१९७८ साली मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा तो वाजवायला आला. जॅझ यात्रा आणि धोबीतलावचं रंगभवन हे समीकरण तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. मुंबईला सॅक्सोफोन तेव्हा नवा नव्हता. तीसच्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझचे बँड वाजत होते, आणि गोव्याहून आलेले वादक रात्री हॉटेलांत आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला हेच वाद्य वाजवून संसार चालवत होते. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस त्याच परंपरेतले. या मंडळींच्या कारकिर्दींवर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, आणि ते करणारं कुणी इथे असेल तर मी पहिल्या रांगेत बसेन.

१९७१ला परतल्यानंतर त्यानं आयुष्याची घडीच बदलली. पत्नी ल्युसिल हिनं व्यवहार हातात घेतला, पुढे रेकॉर्डची निर्मितीही. क्लब सोडले, मैफिली मोजक्या ठेवल्या, मधे रिकामे दिवस. आता थांबायला दोन वर्षं गायब व्हायची गरज उरली नाही, थांबणं वेळापत्रकातच आलं. त्या काळातल्या स्टुडिओ रेकॉर्ड मात्र सामान्य आहेत, हे प्रेमापोटी लपवण्यात अर्थ नाही. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की तो आक्रसायचा. स्वतःची रेकॉर्ड ऐकणं त्याला सहन होत नसे. समोर माणसं असली की वेगळा. १९८६ साली सॉगर्टीज या गावी ओपस ४० या दगडी शिल्पस्थळी मैफल चालली होती, चित्रीकरण होत होतं. वाजवता वाजवता त्यानं उंच कड्यावरून खाली उडी घेतली आणि टाच मोडली. क्षणभर सगळे स्तब्ध, आणि मग उताणा पडल्या पडल्या त्यानं पुढचं वाजवायला सुरुवात केली. ते माहितीपटात आहे, जरूर बघा.

११ सप्टेंबर २००१ला तो वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून सहा चौक अंतरावर, उंच इमारतीतल्या घरात होता. वीज गेली, सगळीकडे धूळ. दुसऱ्या दिवशी लोकांना बाहेर काढलं तेव्हा तो सॅक्सोफोन घेऊन जिने उतरला. त्या आधी घरात वाजवायला घेतलं होतं, पण दीर्घ श्वासाबरोबर ती हवा आत गेली आणि मळमळायला लागलं म्हणून थांबला. चार दिवसांनी बॉस्टनला कार्यक्रम होता. तो रद्द करावा असं त्याच्या मनात होतं, ल्युसिलनं ठाम सांगितलं की वाजवायला हवं. एकाहत्तराव्या वर्षी, पाय दुखत असताना, त्यानं त्या रात्री वाजवलं. ते आज आपल्याला ऐकायला मिळतं, कारण श्रोत्यांतल्या एका चाहत्यानं ते स्वतःच्या यंत्रावर टिपलं. २००५ला ते अधिकृतपणे निघालं आणि त्यातल्या एका सोलोला ग्रॅमी मिळालं. स्टुडिओत हाती न लागलेला रॉलिन्स असा चाहत्यांच्या खिशातून जगापुढे आला. पुढे 'रोड शोज' या मालिकेत मैफिलींतली आणखी रेकॉर्डिंग्ज आली. त्याची उत्तरार्धातली खरी कामगिरी तिथे आहे.

ल्युसिल २००४ला गेली. ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त २०१०च्या सप्टेंबरात न्यू यॉर्कच्या बीकन थिएटरला झालेल्या मैफिलीत ऑर्नेट कोलमन त्याच्याबरोबर वाजवायला आला. २०११ला अमेरिकेचं राष्ट्रीय कलापदक त्याच्या गळ्यात पडलं. २०१२ नंतर जाहीर मैफल झाली नाही, आणि फुप्फुसाच्या फायब्रोसिसनं दोन वर्षांत वाजवणंच सुटलं. हे थांबणं त्याचं नव्हतं. सुरुवातीला तो फार खचला, हे त्यानं मोकळेपणानं सांगितलं आहे. मग इतकी वर्षं वाजवायला मिळालं याबद्दल कृतज्ञ राहायचं त्यानं ठरवलं.

२०१७ला त्याचा संग्रह हार्लेममधल्या शॉम्बर्ग सेंटर या ग्रंथालयानं घेतला. त्यात रियाजाच्या वह्या आहेत. बोटांच्या जागा, श्वास, रीड, खाणंपिणं, वागणं, सगळं त्यांत नोंदलेलं. कुठल्याही वाद्यावर रियाज करणाऱ्या तरुण मंडळींनी त्याच्या नोंदी मिळवून वाचाव्यात. सोलो तोंडपाठ करून कुणी रॉलिन्स होत नाही, पण सकाळी उठून हा माणूस स्वतःला कुठले प्रश्न विचारायचा ते त्यात दिसतं.

घरी ऐकणार असाल तर क्रम सांगतो. आधी 'सेंट थॉमस', मग 'वे आउट वेस्ट', मग व्हिलेज व्हॅनगार्ड, आणि 'द ब्रिज' त्यानंतर. बॉस्टनची मैफल शेवटी. आत्ता मी 'ब्लू सेव्हन' पूर्ण लावतो, अकरा मिनिटांहून थोडं जास्त आहे. सुरुवातीला बराच वेळ एकटा बास चालेल. रॉलिन्सचे पहिले दोन-तीन स्वर लक्षात ठेवा आणि रोचच्या सोलोनंतर ते कुठे कुठे येतात ते बघा. मग प्रश्न घेऊ.